माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र: आमचे रक्षण १८ महिन्यांनी, तुमचे मात्र त्याच दिवशी!

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री, भारत सरकार

महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात वडिलांची रक्ततपासणी केली. काउंटरवर नावाआधी मोबाइल नंबर मागितला. नंबराशिवाय पावतीच निघत नाही म्हणे. साखर वाढल्याचा रिपोर्ट आमच्या हाती पडायच्या आत ‘शुगर मुळापासून घालवा’वाल्यांचे फोन सुरू. लॅब म्हणते, आम्ही नंबर दिला नाही. फोनवरची मुलगी म्हणते, ‘सर, सिस्टीममध्ये दिसतंय.’

एवढ्यावर भागले असते तर तुम्हाला तसदी दिली नसती. वडील परवापरवापर्यंत बटणांच्या फोनवर सुखी होते. स्मार्टफोन हौसेने घेतलेला नाही. हयातीचा दाखला मोबाइलला चेहरा दाखवून काढा, बँकेचे ॲप घ्या, असे जो तो सांगू लागला म्हणून घेतला. आता रात्री दीडलाही त्यांच्या खोलीत उजेड असतो. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू. आधी कारल्याचा रस, मग ‘डॉक्टर तुमच्यापासून काय लपवतात’. परवा कळले, त्यांनी गोळ्या निम्म्या केल्यात. मी बोललो तर म्हणाले, तुला काय कळतं? त्या दिवसापासून घरात अबोला आहे. कंपनीला काय, ते जागे राहिले म्हणजे झाले. जाहिराती जाग्या माणसालाच दिसतात.

आता तुमच्या कायद्याकडे येतो. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितले. डेटा, म्हणजे आमची वैयक्तिक माहिती, तिच्या संरक्षणाचा कायदा आला २०२३ मध्ये. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. आणि संमतीची, कंपन्यांच्या जबाबदारीची मुख्य कलमे लागू व्हायला त्यानंतर आणखी १८ महिने! कंपन्यांना तयारीला वेळ नको का? आम्ही काय, थांबू.

लागू झाल्यावर तरी काय? कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारजमा. ज्याची माहिती फुटली त्याला छदाम नाही. भरपाईची वाट दाखवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३अ तुम्ही काढूनच टाकणार आहात. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली, तर नागरिकालाच १० हजारांपर्यंत दंड. वडिलांच्या गोळ्या क्षुल्लक की कसे, हे आपल्या कार्यालयाने आधीच कळवावे, म्हणजे पैसे बाजूला काढून ठेवतो.

मोठ्या दंडांचीही गंमत आहे. व्हॉट्सॲपच्या गोपनीयता धोरणावरून स्पर्धा आयोगाने २०२४ मध्ये त्याच्या मालक कंपनीला, मेटाला, २१३ कोटींचा दंड केला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. नंतर पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला: तेवढी रक्कम ही कंपनी जगभरातून तास-दीड तासात गोळा करत असावी. चुकले असेल तर आपल्या अधिकाऱ्यांनी दुरुस्त करावे.

मागणी साधी आहे. फोन नाही म्हणून कुणाचे काम अडवू नये, नंबर ज्या कामाला घेतला त्याच कामाला वापरावा, आणि नुकसानभरपाई ज्याचे नुकसान झाले त्याला मिळावी.

पण ऐकणार कोण? सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय याच कायद्यात करून ठेवली आहे. आणि एक कलम मात्र १८ महिने थांबले नाही, नियमांबरोबरच लागू झाले: माहिती अधिकार कायद्यात बदल करून ‘वैयक्तिक माहिती’ नाकारणे सोपे करणारे. आमच्या वडिलांची साखर कुठल्याशा कॉल सेंटरला दिसते. ती तिथवर जाऊ देणारा अधिकारी कोण, हे मी विचारले, तर ती वैयक्तिक माहिती होणार ना?

आपला,
एक मोबाइल नंबर