खेळातल्या कोर्टात संशयाचा फायदा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेममुळे मुलांचे वाचन संपले, अशा आशयाचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेखकाने बहुधा गोळीबाराचेच गेम पाहिले असावेत. जपानमध्ये ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ नावाचा प्रकार चांगलाच रुळलेला आहे. पडद्यावर पात्रांची चित्रे, खाली मजकूर, आणि खेळणाऱ्याचे मुख्य काम वाचण्याचे. त्याच जातकुळीतला ‘एस ॲटर्नी’ हा कॅपकॉम कंपनीचा गेम भाच्याच्या आग्रहाखातर खेळलो. मी फौजदारी वकिली करतो आणि या गेमचा नायक बचाव पक्षाचा वकील आहे, म्हणून हे पत्र.

गेम जुना आहे. २००१ मध्ये तो जपानमध्ये ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी आला, २००५ पासून इंग्रजीत मिळू लागला, आणि २०१९ मध्ये पहिले तीन भाग एकत्र करून संगणकासाठीही काढले गेले. लेखन-दिग्दर्शन शू ताकुमी यांचे. नायक फिनिक्स राइट टेबलावर हात आपटून आक्षेप घेतो, तो आवाजही मूळ जपानी आवृत्तीत ताकुमींचाच आहे.

पहिलेच प्रकरण घ्या. एका तरुणीचा खून झालेला. साक्षीदार छातीठोकपणे सांगतो, मी दुपारी एक वाजता प्रेत पाहिले. शवविच्छेदन अहवाल मृत्यूची वेळ चार ते पाच देतो. वेळ कशी कळली असे विचारले, तर म्हणतो टीव्हीच्या आवाजावरून. पण त्या वेळी इमारतीत वीज नव्हती. मग म्हणतो, टेबलावर घड्याळ होते. ते घड्याळ असते पुतळ्याच्या आकाराचे. वेळ बोलून सांगणारे, नुसते पाहून घड्याळ आहे हे कळणारच नाही. शिवाय खून त्याच पुतळ्याने झालेला. म्हणजे त्याने वेळ ऐकली ती वार करतानाच, खुनी तोच. राहिला प्रश्न एक वाजल्याचा. मयत तरुणी आदल्या दिवशी पॅरिसहून परतली होती, पासपोर्टवर तशी नोंद आहे. इंग्रजी आवृत्तीची कथा लॉस एंजेलिसमध्ये घडते. तिथे दुपारचे चार म्हणजे पॅरिसला रात्रीचा एक! घड्याळ लावायचे राहूनच गेले होते.

जबाबाची एकेक ओळ पुराव्यावर घासून पाहायची, एवढाच खेळ. आमच्याकडे नव्याने सनद घेतलेली मुले आरोपपत्र उघडतात ती थेट कलमे बघायला. जबाब आणि पंचनामा शेजारी ठेवून वाचायचा कंटाळा. त्यांना हा गेम आठवडाभर खेळायला लावावा असे मनापासून वाटते. साक्षीदारांच्या तऱ्हाही झकास रंगवल्या आहेत. पढवलेले साक्षीदार मी भरपूर पाहिले. इथे एका खटल्यात खऱ्याखुऱ्या पोपटाची उलटतपासणी घ्यावी लागते.

आता खटकलेले. विसंगती सापडली की नायक ती लगेच ओरडून सांगतो, साक्षीदार गडबडतो आणि नवा जबाब देतो. प्रत्यक्ष कोर्टात हा आत्मघात आहे. विसंगती रेकॉर्डवर आली की शहाणा वकील ‘आणखी प्रश्न नाहीत’ म्हणून खाली बसतो आणि ती युक्तिवादाला राखून ठेवतो. ‘मग असे कसे?’ हा एक जादा प्रश्न विचारला की साक्षीदार खुलासा करून मोकळा होतो, आणि अशीलाचे तोंड बघवत नाही. या आवरण्यात जे नाट्य आहे, ते गेमला पकडता आलेले नाही. दुसरे असे की, पुरावा योग्य असला तरी लेखकाच्या मनातल्या ओळीवरच दाखवावा लागतो. एक ओळ आधी दाखवला तर दंड, आणि पुरेसे दंड झाले की अशील दोषी! कधी उत्तर आपल्याला आधीच कळलेले असते, पण गेमची गाडी तिथवर यायची वाट पाहत बसायचे. तपासाचा भाग तर कंटाळवाणाच. एक संभाषण राहिले की पुढचे दारच उघडत नाही, म्हणून सगळीकडे पुन्हा फेऱ्या. नायकाची मृत वरिष्ठ वकील स्वतःच्या बहिणीच्या अंगात येऊन त्याला सल्ला देते, हे मी करमणूक म्हणून सोडून दिले.

सोडून देता येत नाही ते वेगळेच. या कोर्टात संशयाचा फायदा नावाची चीजच नाही. खटला तीन दिवसांत आटोपायचा, आणि अशील सुटायचा तर बहुतेक वेळा खरा खुनी बचावाच्या वकिलानेच हजर करायचा. अतिशयोक्ती आहे, पण हवेतून आलेली नाही. जपानमध्ये खटला उभा राहिला की शिक्षेचे प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त असते. खात्री असल्याखेरीज सरकारी वकील खटलाच भरत नाहीत, हे त्याचे एक कारण. बनावट पुरावा हा तर या मालिकेचा आवडता विषय. प्रत्यक्षातही जपानमध्ये इवाओ हाकामादा यांना खुनाच्या आरोपावरून १९६६ मध्ये अटक आणि १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. २०२४ मध्ये फेरखटल्यात त्यांना निर्दोष ठरवताना शिझुओकाच्या न्यायालयाने तपास यंत्रणेनेच पुरावा रचल्याचे नमूद केले. हे वाचल्यावर गेममधला चाळीस वर्षे न हरलेला सरकारी वकील निव्वळ व्यंगचित्र वाटेनासा होतो. माझी तक्रार इतकीच की, ही व्यवस्था अशी का, हा प्रश्न पहिल्या भागात धड कोणी विचारतच नाही. नायक जिंकतो, टाळ्या पडतात, पुढचा खटला सुरू.

पुरवणीत नाटक-सिनेमाची परीक्षणे येतात, तशी अशा गेमचीही यावीत, ही विनंती. प्रत्येक प्रकरणात खून आहे आणि इंग्रजी बरेच वाचावे लागते, तेव्हा कोणत्या वयाच्या मुलाला द्यावा हेही परीक्षणात स्पष्ट लिहावे. आमच्या घरी भाच्याला दिला आहे, त्याच्या धाकट्या बहिणीला अजून नाही.

आपला,
एक वकील वाचक, सातारा