भाषा चोवीस, नियम एक

संपादक साहेब,
परवा पिंपळगावला मामेभावाच्या पॅकहाऊसवर गेलो होतो, द्राक्षाचे बॉक्स रॉटरडॅमला जायचे होते, बायका कात्रीने घडातले बारके मणी काढत होत्या आणि हा मला सांगतोय की माल तिथून जर्मनीत जाओ नाहीतर पोलंडला, फवारणीच्या औषधाचा जो अंश मालात राहतो त्याची लिमिट सगळीकडे सेमच. पहिले बऱ्याच औषधांना प्रत्येक देशाची लिमिट वेगळी असायची, 2008 पासून सगळ्या युरोपियन युनियनला एकच तक्ता.

मला नवल वाटलं ते असं की नियम एक पण भाषा एक नाही केली त्यांनी. युरोपियन युनियनमध्ये 27 देश अन् 24 अधिकृत भाषा, कायदा निघाला की चोवीस भाषांत, आणि सगळ्या प्रती सारख्याच ग्राह्य. भाषांतराला खर्च होतो म्हणे, होऊ दे की! गंमत म्हणजे ब्रिटन 2020 ला बाहेर पडलं तरी युनियनच्या ब्रुसेल्सच्या ऑफिसात इंग्रजी चालूच, आणि आयर्लंड अन् माल्टात आयरिश, माल्टीजच्या जोडीला इंग्रजीही अधिकृत आहेच.

आपल्याकडे मात्र एक भाषा केली की सगळं सुरळीत होईल असं सांगणारे कट्ट्याकट्ट्यावर भेटतात. भावाला विचारलं, औषधाच्या अंशाचा तुझा लॅबचा रिपोर्ट कुठल्या भाषेत येतो रे? म्हणे इंग्रजीत, पोरगी शाळेतून आली की वाचून दाखवते. तो रिपोर्ट मराठीत द्यायला काय हरकत आहे?

एक वाचक, नाशिक