टेकडीच्या उत्तर उतारावरून

बॉस्टन, २० ऑक्टोबर

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत, "गॅसचे दिवे? अजून?" आणि तेवढ्यात फोन कट झाला. म्हणून आज लिहायलाच बसले. हो, अजून. आमच्या टेकडीवर, बीकन हिलवर, रस्त्याच्या दिव्यांत आजही गॅस जळतो. आतली मेंटल, म्हणजे उजेड देणारी जाळी, तुमच्या पेट्रोमॅक्सच्याच जातीची, बोट लागलं की राख. आणि दिवे दिवसाही चालूच. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, कोणीतरी बंद करायला विसरलं असणार. मग कळलं, रोज पेटवायला-विझवायला माणसं ठेवण्यापेक्षा ते जळत राहिलेले परवडतात. तुमच्यातला ओव्हरसियर हे वाचून किती अस्वस्थ होईल ते मला इथून दिसतंय.

पण या टेकडीवर आपोआप टिकलेलं असं फारच थोडं आहे. विटांचे फूटपाथ, वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या, दारापुढचे लोखंडी कठडे, या सगळ्यावर शंभर वर्षं कोणी ना कोणी पहारा ठेवलाय. त्यात मोठा वाटा रहिवाशांच्या संघटनेचा, बीकन हिल सिव्हिक असोसिएशनचा. स्थापना १९२२ ची. मी गेल्या वर्षी सभासद झाले. वर्गणी भरली तेव्हा मनात भारदस्त चित्र होतं: जुने नकाशे, पांढऱ्या केसांची विद्वान मंडळी, वारसा या विषयावर गंभीर चर्चा. पहिल्या सभेत पाऊण तास उंदीर झाले. मग कचऱ्याच्या पिशव्या फूटपाथवर रात्री ठेवायच्या की पहाटे, एका रेस्टॉरंटने रात्री किती वाजेपर्यंत दारू द्यावी, कुठल्या गल्लीतलं कुठलं झाड वाळलं. 'वारसा' हा शब्द कोणी एकदाही काढला नाही. मी जरा हिरमुसून घरी आले. आता वाटतं, खरं काम तेच होतं.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. १९४७ साली बॉस्टन पालिकेने इथल्या विटा उखडून काँक्रीटचे फूटपाथ करायचं ठरवलं. कामगार वेस्ट सीडर स्ट्रीटवर आले, तर तिथल्या बायका त्या विटांवरच बसल्या. चांगल्या घरच्या, पोक्त बायका. त्यांच्या अंगाला हात कोण लावणार? पालिकेने माघार घेतली, विटा राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, यात भावनेचा भाग किती आणि बांधकामाचा किती? मी पण तेच बघत होते. समोरच्या गल्लीत गॅसची पाइपलाइन दुरुस्त करायला फूटपाथ उघडला होता. विटा वाळूवर बसवलेल्या, त्यामुळे माणसांनी त्या एकेक करून उचलल्या, ढीग लावला, काम झाल्यावर त्याच परत बसवल्या. काँक्रीट असतं तर कायमचं ठिगळ दिसलं असतं. पण दुसरी बाजूही लिहिते. झाडांची मुळं आणि हिवाळ्यातली गोठण विटांना वर ढकलतात, वाळू वाहून गेली की खड्डे पडतात. गेल्या जानेवारीत मी एका उंचवट्याला अडखळून बर्फावर घसरले, मनगट आठवडाभर सुजलं होतं. आईला सांगू नका.

१९५५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून बीकन हिलला ऐतिहासिक विभाग ठरवलं. तेव्हापासून इथल्या घरांच्या बाहेरच्या बदलांवर बीकन हिल आर्किटेक्चरल कमिशनची परवानगी लागते. मेख अशी, की सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसतं तेवढंच त्यांच्या कक्षेत. आत तुम्ही भिंती पाडा, चकचकीत ओटा करा, कोणी विचारत नाही. पण खिडकीची चौकट, तावदानांची संख्या, दाराचा रंग, गच्चीवरचा कठडा यांसाठी अर्ज, नकाशे आणि उघड सुनावणी. कमिशन सरकारी, असोसिएशन लोकांची. असोसिएशनवाले सुनावणीला जाऊन आपलं मत मांडतात. मीही एकदा मागच्या खुर्चीत बसून पाहिलं. एका गृहस्थांनी दाराच्या रंगाचे चार नमुने आणले होते. मला चारही काळेच दिसले. पण त्या चार काळ्यांवर जी चर्चा झाली, ती लग्नाच्या साड्यांच्या दुकानातसुद्धा होत नाही.

गंमत म्हणजे ज्या टेकडीला इतकं जपतात, ती टेकडीच मुळात कापलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा माथा सुमारे ६० फूट खाली आणला. तिथला मुरूम पाण्यात भराव टाकायला गेला आणि सपाट झालेल्या जागेवर श्रीमंतांचे प्लॉट पडले. आज जे 'जसं होतं तसं' म्हणून राखतात, ते त्या काळचं नवं डेव्हलपमेंट होतं. बीकन स्ट्रीटवर काही खिडक्यांची तावदानं फिकट जांभळी आहेत. १८२० च्या आगेमागे आलेल्या त्या काचेत मँगनीज जास्त होतं, उन्हाने ती जांभळी पडली. म्हणजे मालातला दोष. आता तीच काच घराची शान.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

आम्ही राहतो तो उत्तरेकडचा उतार. १९५५ च्या कायद्याच्या हद्दीत तो नव्हता. तेव्हा आखलेली रेघ दक्षिणेकडच्या, बुलफिंच या वास्तुकाराच्या काळातल्या देखण्या घरांभोवती होती. आमच्या बाजूला चार-पाच मजली भाड्याच्या इमारती, अरुंद गल्ल्या. एकोणिसाव्या शतकात इथे स्वतंत्र कृष्णवर्णीयांची वस्ती होती. १८०६ मध्ये बांधलेलं त्यांचं चर्च, आफ्रिकन मीटिंग हाउस, आमच्यापासून पाच मिनिटांवर आहे. १८३२ मध्ये विल्यम लॉइड गॅरिसन आणि त्याच्या साथीदारांनी गुलामगिरीविरोधी संस्था काढली ती तिथेच. फिलिप्स स्ट्रीटवर लुइस आणि हॅरिएट हेडन यांचं घर आहे. स्वतः गुलामीतून निसटलेल्या या जोडप्याने पळून आलेल्या कित्येकांना तिथे आसरा दिला. पुढे ज्यू कुटुंबं आली. त्याच रस्त्यावर १९१९ मध्ये बांधलेलं त्यांचं प्रार्थनाघर आहे, व्हिल्ना शूल. इतका इतिहास, पण कायद्याला तो दिसला आठ वर्षांनी, १९६३ मध्ये. तेव्हा हद्द वाढून आमचा उतार आत आला.

या आठ वर्षांत आमच्या खिडकीसमोर काय झालं ते ऐका. उताराच्या पायथ्याशी केंब्रिज स्ट्रीट आहे. रस्त्याच्या या अंगाला आम्ही, त्या अंगाला वेस्ट एंड. तिथेही आमच्यासारख्याच विटांच्या इमारती होत्या, इटालियन, ज्यू, अशी नाना देशांहून आलेली कामकरी माणसं होती. पालिकेने त्या वस्तीला झोपडपट्टी ठरवलं. १९५८ मध्ये नोटिसा आल्या आणि पुढच्या दोन वर्षांत जवळजवळ सगळं सपाट झालं. सुमारे २,७०० कुटुंबं उठवली. इमारतीच नव्हे, गल्ल्यासुद्धा नकाशावरून गेल्या. जागेवर पैसेवाल्यांसाठी उंच टॉवर उभे राहिले आणि नदीकाठच्या रस्त्यावर, गाड्यांच्या गर्दीत अडकलेल्यांना दिसेल अशी पाटी लागली: इथे राहत असतात, तर एव्हाना घरी पोचला असतात. बाहेर काढलेल्या माणसांनी ही पाटी वाचली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

त्या बाजूला मोजक्याच जुन्या वास्तू उरल्यात. एक १७९६ चं ओटिस हाउस. बाबा, हे खास तुमच्यासाठी: १९२५ च्या सुमारास रस्ता रुंद करायचा होता, तेव्हा ते तीन मजली विटांचं घर अख्खंच्या अख्खं चाळीसएक फूट मागे सरकवलं. दुसरी लोमॅस्नी वेवरची भाड्याच्या खोल्यांची इमारत. दोन्हीकडची शेजारघरं गेली, ती एकटीच काठीसारखी उभी आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्या वेस्ट एंडच्या. घर सोडलं तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. एकदा त्यांना घेऊन मी रस्त्यापलीकडे गेले, म्हटलं, तुमचं घर कुठे होतं ते दाखवा. त्या पार्किंगच्या एका कोपऱ्यावर थांबल्या, मागे फिरल्या, पुन्हा थांबल्या. म्हणाल्या, "गल्लीच नाही, मग घर कुठून मोजू?" आम्ही परत आलो.

असोसिएशनबद्दल विचारलं तर त्या खांदे उडवतात. "त्यांच्याकडे वकील होते. आमच्याकडे तक्रारी होत्या." मला हे पुरतं न्याय्य वाटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. विटांवर बसलेल्या बायका दक्षिण उताराच्या होत्या. वेस्ट एंडमधल्या बायका बसल्या असत्या, तर त्यांना कोणी उचललं नसतं का? आणि आता तर टेकडी इतकी महाग झालीय की जे जपलं त्यात राहणं जपणाऱ्यांच्या मुलांनाही जमत नाही. आम्ही भाड्याने दोन खोल्यांत आहोत, ते ऑफिस भाड्यातला हिस्सा भरतं म्हणून.

काही बाबतींत मी असोसिएशनशी भांडतेही. दहाएक वर्षांपूर्वी पालिकेने रस्त्याच्या कोपऱ्यांवर चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि अंधांच्या पायाला कळावे म्हणून उठावाच्या ठिपक्यांचे प्लास्टिक पत्रे बसवायला घेतले. असोसिएशनचं म्हणणं, उताराला ना नाही, पण सामान टेकडीला शोभणारं वापरा. प्रकरण कोर्टात गेलं. उतार झाले. ठिपक्यांचे पत्रे दिसायला खरंच कुरूप आहेत. पण तुमच्या नातीची बाबागाडी ढकलत जाते तेव्हा तो कुरूप पत्रा आला की मला बरं वाटतं, आणि खालच्या आजींची काठीही तिथेच निर्धास्त टेकते. सभेत मी हे बोलले. दोघांनी माना डोलावल्या, एकाने नाही. चहा मात्र तिघांबरोबरही झाला.

तरी मी सभासद राहिलेय, त्याचं कारण तो पार्किंगचा कोपरा. केंब्रिज स्ट्रीटच्या पलीकडे उंदीर, झाडं, दारूचे परवाने यांच्यावर भांडायला वीस माणसं दर महिन्याला बसत असती, त्यांचं पालिकेत कोणी ऐकत असतं, तर बुलडोझरला निदान कोणाला तरी वळसा घालावा लागला असता, असं मला वाटतं. तुम्ही म्हणाल, पोरगी भाबडी आहे. असेल.

आता काम. येत्या शनिवारी आमच्या गल्लीत सफाईचा दिवस आहे, आणि दारापुढच्या फूटपाथचा जो तुकडा खचलाय त्याच्या दुरुस्तीबद्दल मला पालिकेला लिहायचंय. अर्जात नेमकं मागायचंय, नुसती रड नको. म्हणून उलट टपाली, किंवा फोनवर बोलता बोलता विसराल म्हणून कागदावरच, एवढं कळवा: विटेखाली वाळूचा थर किती इंचाचा असावा, त्याखाली खडी किती, आणि मूळ वाढत असलेल्या झाडापासून किती अंतर सोडावं? एक रेखाचित्र काढून पाठवलंत तर तेच अर्जाला जोडीन.

आईला आणि आजीला नमस्कार. धाकट्याला सांगा, जांभळ्या काचेचा फोटो पाठवते, पण दुपारी ऊन असेल तेव्हाच तो रंग नीट येतो.

तुमची,
थोरली