वेण्या हॉलिवूडच्या नव्हेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्यांना, म्हणजे कॉर्नरोजना, 'हॉलिवूडने दिलेली बीच स्टाइल' म्हटले आहे. मी २२ वर्षे कोंढव्यात लेडीज पार्लर चालवते. हे वाचून राहवले नाही, कारण याहून मोठी चूक मी स्वतः करून बसले आहे.

काही वर्षांपूर्वी एक नायजेरियन विद्यार्थिनी याच वेण्या घालून घ्यायला आली होती. 'आमच्याकडे होत नाही' एवढे म्हणून मी थांबायला हवे होते. वर म्हणाले, 'स्ट्रेटनिंग करून घे, केस जरा नीट दिसतील.' ती हसली आणि रविवारी मला तिच्या फ्लॅटवर घेऊन गेली. मैत्रीण पलंगावर, ही खाली चटईवर तिच्या गुडघ्यांमध्ये डोके धरून बसलेली. माझी आजी मला अशीच बसवायची. शेपटीच्या कंगव्याने आखल्यासारखे सरळ भांग पडत होते. खजुरी वेणीत आपण बट वरून घेतो, ती खालून घेत होती, म्हणून पेड टाळूवर उठून दिसत होते. दर दोन-तीन पेडांना नकली केसांची बारीकशी बट आत सरकवायची. आपल्या भाषेत गंगावनच. शेवटी टोके उकळत्या पाण्यात बुडवली, म्हणजे सुटत नाहीत. साडेतीन तास लागले. बोटे माझी नुसती बघूनच दुखायला लागली.

ही कला कुठल्या नटीने काढलेली नाही. नायजेरियात सापडलेल्या, २००० वर्षांहून जुन्या नोक संस्कृतीतल्या मातीच्या मूर्तींच्या डोक्यांवरही केशरचना किती बारकाईने घडवलेल्या आहेत! गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर ती अटलांटिकपार गेली. अमेरिकेत तिला मक्याच्या ओळींचे नाव मिळाले, कॅरिबियन बेटांवर उसाच्या ओळींचे. गुलाम बायका वेण्यांमध्ये पळून जायच्या वाटांचे नकाशे गुंफत, ही आपल्या लेखातली गोष्ट व्हॉट्सॲपवरही फिरते, पण तिला त्या काळातल्या कागदांचा आधार नाही. तिची गरजही नाही. १७८६ साली, आज अमेरिकेत असलेल्या लुइझियानाचा तेव्हाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय बायकांना केस फडक्याखाली झाका असा हुकूम काढला, हे कागदोपत्री आहे. बायकांनी झळझळीत रंगांची फडकी अशा काही डौलात बांधली, की शिक्षेचाच शृंगार झाला.

आता ती 'हॉलिवूडची' नटी. १९७९च्या एका चित्रपटात बो डेरेक या गोऱ्या अभिनेत्रीने या वेण्या घातल्या आणि मासिकांनी त्या डोक्यावर घेतल्या. त्याच सुमारास रेनी रॉजर्स ही कृष्णवर्णीय कर्मचारी वेण्या घालून कामावर आली, तर अमेरिकन एअरलाइन्सने तिला नियम दाखवला. ती कोर्टात गेली. १९८१मध्ये निकाल विरुद्ध लागला. वेणी जन्मजात नसते, बदलता येते, असे न्यायाधीश म्हणाले. आणि तिने ती त्या चित्रपटानंतर घातली, याचीही नोंद निकालात घेतली. म्हणजे आपल्या पुरवणीतले वाक्य एका बाईच्या विरोधात कोर्टात आधीच वापरून झाले आहे! कंपनीचे म्हणणे, ड्युटीवर अंबाडा घाल आणि त्यावर गंगावन गुंडाळ. तिने सांगितले, त्याने डोके दुखते. कोर्टाने सुचवले, मग मोठे गंगावन घे. दिवसभर जड गंगावन लावून पाहावे एकदा कुणी.

हे सगळे जुने म्हणून सोडून द्यावे असेही नाही. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींना नैसर्गिक केसांसाठी निदर्शने करावी लागली. केसांवरून भेदभाव नको असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये केला, टेक्सासमध्ये तो २०२३च्या सप्टेंबरात लागू झाला. तरी तिथल्याच एका शाळेने एका मुलाला जटांच्या लांबीवरून महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवले आणि २०२४मध्ये न्यायाधीशाने शाळेचीच बाजू घेतली.

आणि यात आपण अगदीच तिऱ्हाईत नाही. तिरुपतीला भाविकांनी वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो, त्यातले कितीतरी परदेशी जाऊन विग आणि गंगावने होतात. अनेक कृष्णवर्णीय बायका ती भारी किमतीला घेतात, कारण सरळ केस म्हणजे नीटनेटके केस हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले. मीही तेच ऐकवले होते, फुकटात.

दुरुस्ती छापायची की नाही हे आपण ठरवा. मी अजून शिकतेच आहे, मानेजवळचा भांग हमखास वाकडा जातो. ती मुलगी मात्र परीक्षा झाली की येणार आहे. पुढच्या लेखाला फोटो हवा असेल तर तिला विचारून कळवते. फक्त फोटोखाली काय छापायचे, तेही तिलाच विचारा.

आपली,
एक वाचक, कोंढवा, पुणे