कोणती शाळा घ्यावी? बेंडिगोहून मित्रास पत्र

कांगारू फ्लॅट, बेंडिगो
दि. १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. वहिनींना बेंडिगोच्या रुग्णालयात नोकरी मिळाल्याचे वाचून आम्हा दोघांना किती आनंद झाला, हे तुला सांगायला नकोच. पत्राच्या अखेरीस तू जो प्रश्न विचारला आहेस, तो मात्र मी आठवडाभर मनात घोळवत होतो. वहिनींनी आठवड्यातले चार दिवस इथे एकट्याने राहावे आणि तू दोन्ही मुलांना घेऊन मेलबर्नमध्ये, ग्लेन वेव्हर्लीसारख्या नावाजलेल्या सरकारी शाळेच्या झोनमध्ये, म्हणजे तिच्या प्रवेशक्षेत्रात, भाड्याने घर घ्यावे, असे तुला मेलबर्नच्या ओळखीच्या मंडळींनी सुचवले आहे. 'बाहेरगावच्या शाळांत मुले मागे पडतात' हे त्यांचे म्हणणे तुझ्या मनात घर करून बसले आहे, हे तुझ्या शब्दांवरून दिसते. ते म्हणणे मीही नऊ वर्षांपूर्वी ऐकले होते आणि काही महिने त्यावर विश्वासही ठेवला होता. म्हणून आज जरा लांबलचक लिहितो.

आधी आमचा भाग तुझ्या डोळ्यांपुढे उभा करतो. बेंडिगो ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या वायव्येस सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि कांगारू फ्लॅट हे त्याचे नैर्ऋत्येकडचे, मेलबर्नहून येताना प्रथम लागणारे उपनगर आहे. १८५१ साली या परिसरात सोने सापडले, खाणकामगारांची रीघ लागली आणि त्या धामधुमीत वसलेल्या वस्त्यांपैकी ही एक. आज इथे दहा-अकरा हजार लोक राहतात. बहुतेक घरे बैठी, प्रत्येकापुढे थोडे अंगण, आणि वस्ती संपते तिथे लगेच आयर्नबार्क नावाच्या काळ्या खडबडीत सालीच्या झाडांचे रान सुरू होते. मेलबर्नला जाणारी रेल्वे आमच्या स्टेशनवर थांबते, दोन तासांत शहरात पोहोचवते आणि २०२३ पासून तिचे दिवसाचे भाडे मेलबर्नच्या शहरी भाड्याहून जास्त होत नाही. त्यामुळे गणपतीला किंवा एखाद्या मराठी नाटकाला मेलबर्न गाठणे आम्हांला पूर्वीइतके जड वाटत नाही.

आता शाळांविषयी. व्हिक्टोरिया राज्यात प्रत्येक घर एखाद्या सरकारी शाळेच्या झोनमध्ये येते आणि त्या शाळेत त्या घरातल्या मुलाला प्रवेश मिळणे हा त्याचा हक्क असतो. देणगी, मुलाखत, रात्रभर रांगेत उभे राहणे हे काही नाही. घराच्या पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला आणि लसीकरणाचा दाखला एवढ्यावर काम होते. मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष शिक्षण देणारा कायदा तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या या राज्याने १८७२ सालीच केला होता. आपण कोल्हापूरकर असल्यामुळे ते वाचताना मला राजर्षी शाहू महाराजांचा १९१७ सालचा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय आठवला, आणि आपल्या आजोबांच्या पिढीला त्या एका निर्णयाने काय दिले, हेही आठवले.

आमच्या उपनगरात कांगारू फ्लॅट प्रायमरी ही सरकारी शाळा आहे आणि सेंट मोनिकाज ही कॅथलिक शाळा आहे. प्रेपपासून, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गापासून, सहावीपर्यंतची मुले तिथे जातात. सातवीपासून क्रूसो कॉलेज. नावातल्या 'कॉलेज'ने गोंधळून जाऊ नकोस, इकडे माध्यमिक शाळेलाही कॉलेज म्हणतात. तुझी धाकटी प्राथमिक शाळेत जाईल आणि थोरला जानेवारीच्या अखेरीस, नव्या वर्षाच्या आरंभी, आठवीत बसेल.

आमची मुलगी इथे आली तेव्हा पहिलीत होती आणि वर्षाच्या मध्येच दाखल झाली होती. पहिले दोन महिने ती वर्गात जवळजवळ बोललीच नाही. मी फार धास्तावलो. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून घरातही तिच्याशी इंग्रजीतच बोलायला सुरुवात केली आणि तसे मोठ्या अभिमानाने वर्गशिक्षिकेला सांगितले. त्या बाईंनी मला शांतपणे बसवून घेतले आणि म्हणाल्या, की असे करू नका. रोज रात्री दहा-पंधरा मिनिटे तिला तुमच्या भाषेतली गोष्ट वाचून दाखवा, तिला प्रश्न विचारा, तिला बोलू द्या. ज्या मुलाची घरची भाषा भक्कम असते, ते दुसरी भाषा लवकर उचलते. त्या रात्रीपासून आमच्या घरी मराठी वाचन सुरू झाले ते आजतागायत चालू आहे. कोल्हापुरात असतो तर कदाचित मी तिला मराठी इतक्या निष्ठेने वाचून दाखवले नसते. तिसऱ्या महिन्यात तिने वर्गासमोर उभे राहून पन्हाळ्याविषयी चार वाक्ये सांगितली आणि ती चारही वाक्ये शिक्षिकेने लिहून भिंतीवर लावली. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे.

पहिले प्रगतिपुस्तक हातात आले तेव्हा मी त्यात क्रमांक शोधत राहिलो. तो नसतो. मूल त्याच्या वयाला अपेक्षित पायरीवर आहे, पुढे आहे की मागे, आणि पुढची पायरी गाठायला काय करावे, एवढेच लिहिलेले असते. तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीत नॅपलॅन नावाची देशभर एकच चाचणी होते आणि तिचे शाळावार निकाल सरकार 'माय स्कूल' या संकेतस्थळावर देते. मेलबर्नच्या मंडळींनी तुला जे आकडे दाखवले, ते बहुधा तिथलेच. ते आकडे खरे आहेत. नावाजलेल्या झोनमधल्या शाळांचे सरासरी गुण आमच्याकडच्यांपेक्षा जास्त दिसतात, हे मी नाकारणार नाही. पण ज्या झोनमध्ये घर घेण्यासाठी लोक आयुष्यभराची बचत ओततात आणि शाळा सुटल्यावर निम्मा वर्ग शिकवणीला जातो, तिथल्या सरासरीत शाळेचे किती आणि घरच्या परिस्थितीचे किती, हे तो आकडा वेगळे करून सांगत नाही. तुझ्या मुलाला वर्गात कोण काय शिकवते, हेही सांगत नाही.

एक गोष्ट मात्र तुला कुणीच सांगितलेली दिसत नाही आणि माझ्या मते सारा निर्णय तिच्यावरच फिरतो. व्हिक्टोरियात साधारणपणे सातवी ते बारावी एकाच माध्यमिक शाळेत होते. बेंडिगोत तसे नाही. शहराच्या चार दिशांना चार सरकारी शाळा आहेत: आमची क्रूसो, फ्लोरा हिलची बेंडिगो साउथ ईस्ट, तसेच वीरूना आणि ईगलहॉक. त्या चारही दहावीला थांबतात. अकरावी-बारावीसाठी या चारही शाळांतली मुले शहराच्या मध्यभागी, रोझलिंड पार्कला लागून असलेल्या बेंडिगो सीनियर सेकंडरी कॉलेजात एकत्र येतात. हे कॉलेज १९०७ पासून चालत आले आहे. मोठी संख्या एकाच ठिकाणी जमत असल्यामुळे त्याला असे विषय चालवता येतात, की जे एखाद्या उपनगरातल्या शाळेला पाच-सात विद्यार्थ्यांसाठी परवडले नसते. उच्च गणित, भौतिकशास्त्र, संगीत, नाट्य, परदेशी भाषा, शिवाय सुतारकामापासून शुश्रूषेपर्यंतचे व्यावसायिक अभ्यासक्रम, हे सारे एका आवारात चालते.

याचा अर्थ तुझ्या लक्षात येईल. तू घर कांगारू फ्लॅटला घेतलेस काय, ईगलहॉकला घेतलेस काय किंवा फ्लोरा हिलला घेतलेस काय, शेवटची दोन निर्णायक वर्षे सरकारी शाळेतल्या सर्व मुलांना त्याच शिक्षकांपुढे, त्याच प्रयोगशाळांत मिळतात. उपनगराचा पत्ता मुलाच्या बारावीवर शिक्का मारत नाही. मेलबर्नमध्ये रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे घरांच्या किमतीत शाळेच्या झोनमुळे जी दरी पडते, ती इथल्या सरकारी शाळांपुरती तरी पडत नाही, आणि तेवढ्यासाठी मी या शहराच्या शिक्षणव्यवस्थेचा मनापासून ऋणी आहे.

आमच्या मुलीची दहावी आता संपत आली आहे आणि पुढच्या वर्षी ती तिथे जाईल. विषयनिवडीच्या सभेसाठी आम्ही तिघे गेलो होतो. कॉलेजच्या शेजारी सँडहर्स्टचा (हे बेंडिगोचेच जुने नाव) जुना तुरुंग आहे. १८६० च्या दशकात बांधलेला हा तुरुंग २००६ पर्यंत वापरात होता. २०१५ साली त्याचे नाट्यगृह झाले, त्याला 'उलुंबारा' असे इथल्या मूळ रहिवासी जा जा वुरुंग लोकांच्या भाषेतले नाव देण्यात आले आणि त्याचा अर्थ एकत्र जमणे असा आहे. कॉलेजची मुले ते नाट्यगृह वापरतात. कोठड्यांची ती जाड दारे तशीच ठेवलेली आहेत आणि त्यांच्यामधून चालत जाऊन मुले रंगमंचावर उभी राहतात. मुलगी माझा हात धरून म्हणाली, 'बाबा, इथे मी कविता म्हणेन.' माझ्याने त्यावर काही बोलवले नाही.

दहावीनंतर शाळा बदलण्याचा त्रास होतो, हेही सांगायला हवे. ज्या शिक्षकांनी मुलाला चार वर्षे पाहिले, ते नेमके बारावीच्या तोंडावर सुटतात आणि बुजऱ्या मुलांना नव्या ठिकाणी रुळायला एक सत्र जाते. काही पालक एवढ्यासाठीच सातवीला कॅथलिक किंवा खासगी शाळेकडे वळतात, कारण तिथे बारावीपर्यंत सलग राहता येते. त्यामुळे सहावी संपताना मुलांची टोळी फुटते. आमच्या मुलीच्या दोन जिवलग मैत्रिणी तशाच गेल्या आणि त्या उन्हाळ्यात ती पुष्कळ रडली. शिवाय नववीच्या प्रवेश परीक्षेतून मिळणाऱ्या मेलबर्न हायसारख्या निवडक सरकारी शाळा रोज ये-जा करण्याच्या टप्प्यात नाहीत. तुझ्या थोरल्याची ती तीव्र इच्छा असेल, तर त्याच्याशी हे मोकळेपणाने बोलून घे.

मराठी सोबत इथे कमी आहे. वर्गात तुझ्या मुलांना कदाचित एखादेच भारतीय मूल भेटेल. पण एकभाषी वर्ग भेटेल असेही समजू नकोस. म्यानमारमधून विस्थापित होऊन आलेली कॅरेन कुटुंबे बेंडिगोत मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत आणि इंग्रजीखालोखाल घरांत सर्वाधिक बोलली जाणारी भाषा आज कॅरेनच आहे. निर्वासितांच्या छावणीत वाढलेल्या आईबापांची मुले शाळेत किती जिद्दीने शिकतात, हे माझ्या मुलांनी जवळून पाहिले आहे, आणि ते कुठल्याही शिकवणीत शिकायला मिळाले नसते.

मुलाने २०२१ साली प्रेप सुरू केले. त्या वर्षी टाळेबंदीमुळे शाळा पुन्हा पुन्हा बंद होत होती आणि पाच वर्षांचे पोर पडद्यासमोर बसून अक्षरे गिरवत होते. पालकांना वेळेत निरोप न मिळाल्यामुळे काही दिवस आमची फार ओढाताण झाली आणि तेव्हा मीही चिडलो होतो. पण त्याच काळात शेजारच्या आजीबाई कुंपणापलीकडून त्याचे वाचन ऐकत असत, कारण त्या स्वतः निवृत्त शिक्षिका होत्या. आता तो चौथीत आहे आणि चालत शाळेत जातो. वाटेतल्या झेब्रा क्रॉसिंगवर हातात 'थांबा'चा फलक घेऊन उभे राहणारे काका त्याला नावाने हाक मारतात.

पोहणे इथे अभ्यासाचाच भाग समजतात. २०१८ साली आमच्याकडे गुरी वन्यारा हे पन्नास मीटरचा बंदिस्त तलाव असलेले केंद्र सुरू झाले आणि ते घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. उन्हाळा मात्र कडक असतो. ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत टोपी नसेल तर मधल्या सुट्टीत सावलीतच बसावे लागते. वणव्याचा धोका सर्वोच्च असेल त्या दिवशी रानालगतच्या काही शाळा बंद ठेवतात. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यात शहराच्या पश्चिमेकडची घरे जळाली होती आणि एकाचा जीव गेला होता, म्हणून ती खबरदारी कुणी हलक्याने घेत नाही. घर पाहताना रानाला अगदी चिकटून पाहू नकोस.

वहिनींनी चार दिवस एकट्याने राहावे, हा विचार तू सोडून द्यावास असे मला वाटते. रुग्णालयातल्या पाळ्या करून माझी पत्नी घरी येते तेव्हा मुले घरी असतात, याचे मोल आम्ही जाणतो. रात्रपाळीनंतरही ती मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून मग झोपते. दोन घरांचे भाडे आणि आठवड्याची ताटातूट सोसून जे सरासरी गुण मिळवायचे, त्यांची तुझ्या मुलांना खरोखर गरज आहे का, हे वहिनींसोबत बसून ठरव.

चौथे सत्र नुकतेच सुरू झाले आहे आणि ते डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपेल. त्याआधी दोन्ही शाळांना ई-मेल करून नावे कळवून ठेव, म्हणजे कार्यालय सुट्टीत बंद होण्यापूर्वी कागद पुढे सरकतील. मुलांचे लसीकरणाचे दाखले तिकडूनच इंग्रजीत करून आण. जानेवारीच्या मध्यापर्यंत पोहोचलात, तर घर मिळेपर्यंत आमच्याकडेच राहा; मागची खोली रिकामी आहे आणि मुलीने तिच्या लहानपणीच्या गोष्टींची पुस्तके तुझ्या धाकटीसाठी आत्ताच त्या खोलीत नेऊन ठेवली आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. घरातील वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कार सांग. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझाच,
बालमित्र