स्कूटरचं ‘गिअर ऑइल’ म्हणजे नक्की कुठलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी दुचाकीची काय काय काळजी घ्यायची यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. चांगला होता, टायर आले, ब्रेक आले, बॅटरी आली, इंजिन ऑइल कधी बदलायचं तेही आलं. पण स्कूटरच्या मागच्या चाकाला चिकटून अजून एक ऑइलचं घर असतं त्याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. माझं नाना पेठेत ऑइल आणि स्पेअरचं दुकान आहे, आणि काउंटरवर रोज कुणीतरी येऊन म्हणतंच की "गिअर ऑइल द्या". कुठल्या गाडीला विचारलं की समोरचा वैतागतो, गिअर ऑइल म्हणजे गिअर ऑइल, त्यात काय एवढं विचारायचं! तर त्यात काय एवढं आहे तेच सांगायला हे पत्र.

बऱ्याच जणांना वाटतं ॲक्टिव्हा, ज्युपिटर, ॲक्सेस या गाड्यांना गिअर नसतातच. हाताने टाकायचे गिअर नसतात एवढंच खरं. इंजिनची ताकद व्हेरिएटरच्या (आपोआप गिअर बदलल्यासारखं काम करणाऱ्या पुलीच्या) बेल्टने मागे येते आणि तिथे एका बंद डब्यात दातेरी चाकांच्या दोन जोड्या असतात, त्या फेरे कमी करून जोर वाढवतात आणि मग चाक फिरतं. मोटरसायकलला जे काम चेन-स्प्रॉकेट करतात तेच इथे हा डबा करतो. पुण्यात ही भानगड कायनेटिक होंडापासून म्हणजे १९८४ पासून आहे, तरी लोकांना नवीन वाटते. या डब्याचं ऑइल इंजिनपेक्षा पूर्ण वेगळं असतं, तिथे ना पंप ना फिल्टर, खालच्या ऑइलमध्ये चाकं बुडून फिरतात आणि शिंतोडे उडवून सगळीकडे पोचवतात. आणि किती असतं, तर जेमतेम चहाच्या कपाएवढं. एवढंसं ऑइल म्हणून सर्व्हिसिंगला कुणी विचारत नाही, बिलावर लिहिलेलं नसतं, गाडी वर्षानुवर्षं त्याच ऑइलवर पळत राहते.

आता कुठलं टाकायचं. होंडाच्या ॲक्टिव्हाला इंजिनमध्ये जे १०डब्ल्यू-३० (हा ऑइलच्या दाटपणाचा नंबर, म्हणजेच ग्रेड) जातं तेच मागेही जातं, बदलताना साधारण १२० मिली. म्हणजे ज्याला दुकानात ‘गिअर ऑइल’ म्हणतात ते तिथे लागतच नाही! याउलट आपल्या बारामतीत २०१२ पासून पियाजिओ जी व्हेस्पा बनवते तिच्या मागच्या हबला, म्हणजे याच डब्याला, ८०डब्ल्यू-९०, म्हणजे खरंखुरं गिअर ऑइल. दोन्ही स्कूटर, दोन्ही बेल्टच्या, शेजारी शेजारी पार्क केलेल्या, आणि ऑइल वेगळं. याचं कारण कंपनीने दात्यांची, बेअरिंगची, सीलची जुळणी कुठल्या ऑइलवर केली आणि टेस्टिंग कशावर केलं ते असतं, त्यात आपण आपली अक्कल चालवण्यात अर्थ नाही, गाडीचं बुक उघडायचं आणि तिथे लिहिलंय ते घ्यायचं. बुक हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर मिळतं, मोबाइलवर उघडा, फायनल रिडक्शन किंवा फायनल गिअर ऑइल या नावाने शोधा.

गल्लीतल्या गॅरेजात मात्र एकच मोठा कॅन असतो, नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचा, तोच रिक्षाला, तोच टेम्पोला आणि तोच स्कूटरला. ॲक्टिव्हात नव्वद नंबर पडलं तर गाडी काही लगेच बसणार नाही, उगाच घाबरवत नाही कुणाला. पण दाट ऑइल घुसळायला ताकद जाते, सकाळी गाडी जड वाटते, आणि ॲव्हरेजची तक्रार घेऊन तोच माणूस परत त्याच गॅरेजला जातो.

इथे एक गैरसमज जाता जाता काढतो. लोकांना वाटतं ९० म्हणजे ४० च्या दुप्पट दाट. तसं नाहीये, इंजिन ऑइलच्या नंबरांची पट्टी वेगळी आणि गिअर ऑइलची वेगळी. १०० डिग्री तापमानाला मोजलं तर गिअरचं ९० हे इंजिनच्या ४० ते ५० च्या आसपासच बसतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीतलं वागणं. तेव्हा नुसता आकडा मोठा दिसला म्हणून "जास्त पॉवरफुल द्या" म्हणणाऱ्यांना मी काय सांगू, रोज सांगतो.

दुसरी गोष्ट जीएल-४ आणि जीएल-५ ची, म्हणजे गिअर ऑइलच्या प्रकारांची. बाटलीवर हे छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक म्हणतं पाच द्या, चारपेक्षा भारी असेल. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचा मसाला जास्त असतो (बाटली उघडली की तो उग्र वास येतो तो त्याचाच), कारण ते हायपॉइड गिअरसाठी बनवलेलं असतं जिथे दाते एकमेकांवर जोरात घासत सरकतात. ट्रकचं, जीपचं डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) तसं असतं. शाफ्टवर चालणाऱ्या मोठ्या बाइकचं मागचं घरही याच जातीतलं, बीएमडब्ल्यूची जीएस किंवा होंडाची गोल्डविंग, तिथे बुकात हायपॉइड ऑइलच सांगितलेलं असतं आणि तिथे इंजिन ऑइल टाकणं म्हणजे गिअरची वाट लावणं. आपल्या स्कूटरचे गिअर समांतर शाफ्टवरचे, त्यांना एवढ्या मसाल्याची गरज नसते.

जुनी चेतक किंवा एलएमएल, म्हणजे हाताने गिअर टाकायची स्कूटर, जपून ठेवलेल्यांनी तर जास्तच सांभाळा. त्या गाडीला चेन नाही, बेल्ट नाही, मागचं चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं, आणि मेन म्हणजे क्लचच्या प्लेटा त्याच गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये भिजत असतात. तिथे साधं ३० नंबरचं इंजिन ऑइल चालतं. कुणी प्रेमाने महागडं जीएल-५ नव्वद ओतलं की क्लच एकतर स्लिप व्हायला लागतो नाहीतर नीट सुटत नाही, आणि मग मेकॅनिक प्लेटा बदलतो, केबल बदलतो, तरी फरक पडत नाही. ऑइल कुठलं टाकलंय हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

नव्वद नंबरला मात्र अगदीच नावं ठेवू नका, मोटरसायकलवाल्यांसाठी ते कामाचं आहे. चेनला जळालेलं काळं ऑइल लावायची आपल्याकडे जी पद्धत आहे ती बंद करा, त्यात इंजिनचा सगळा कचरा आणि लोखंडाचा बारीक कीस असतो. चेन पुसून ८० किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल हलक्या हाताने लावलं तर चालतं, ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असलेल्या) चेनलाही चालतं, होंडाच्या कित्येक बुकांत तसं लिहिलेलंच आहे. नंतर जास्तीचं पुसा, नाहीतर पँटवर नक्षी.

आता पावसाचं, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. स्कूटरच्या या गिअरच्या डब्याला हवा आत-बाहेर जायला एक बारीक नळी असते. गाडी पळवून डबा गरम झालेला असताना तुम्ही गुडघाभर पाण्यात घातली की डबा एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. इंजिन बंद पडलं नाही म्हणून माणूस खूश, आणि आत ऑइल ताकासारखं पांढरट झालेलं. असं ऑइल दात्यांना काय वाचवणार, बेअरिंगला गंज धरतो आणि मग दिवाळीच्या सुमाराला मागून कुईंऽऽ असा आवाज सुरू होतो, विशेषतः उतारावर थ्रॉटल सोडल्यावर. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२४ ला आपल्या सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा किती स्कूटर बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. बुडालेल्या गाडीचं इंजिन ऑइल लोक बदलतात, मागचं तसंच राहतं.

जास्त भरणंही तितकंच वाईट, आणि हे कुणी सांगत नाही. "थोडं वर टाका, काय बिघडतं" म्हणून ऑइल लेव्हलच्या वर गेलं की ते एक्सलच्या सीलमधून बाहेर यायला बघतं, आणि सीलच्या पलीकडे काय आहे, तर मागचा ड्रम ब्रेक. लायनरला ऑइल लागलं की ब्रेक गेला समजा, ओल्या रस्त्यावर कळेल कधी ते सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूच्या सीलमधून गेलं तर बेल्टच्या घरात, मग पिकअप गायब. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ दिसला तर आधी सील बघा, नुसतं फडक्याने पुसून गाडी देणाऱ्याकडे परत जाऊ नका.

बदलायला रॉकेट सायन्स लागत नाही. गाडी थोडी फिरवून गरम करा, सपाट जागी मेन स्टँडवर लावा, साइड स्टँडवर लेव्हल चुकते. खालचा ड्रेन बोल्ट काढून जुनं सोडा, वायसर नवीन टाका, बुकात लिहिलेलं माप सिरिंजने मोजून भरा, नाहीतर लेव्हलचा बोल्ट असेल तर त्याच्या तोंडाशी येईपर्यंत. किती किलोमीटरला आणि किती महिन्यांनी ते बुकात दोन्ही असतं, जे आधी येईल ते. निघालेल्या ऑइलमध्ये बोट बुडवून बघा, बारीक चमक असेल तर चालतं, कण किंवा तुकडे हाताला लागले तर मेकॅनिकला दाखवा. गटारात ओतू नका तेवढं.

कंपन्यांकडे माझी एक मागणी आहे. टायरच्या हवेचं स्टिकर लावता ना, तसंच ऑइलच्या बोल्टजवळ ग्रेड आणि माप मराठीत लिहायला काय जातं? बुक कुणी वाचत नाही हे तुम्हालाही माहितीये. आणि संपादकसाहेब, तुमच्या लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात एक चौकट या ऑइलची टाका, जास्त खपणाऱ्या स्कूटरची नावं, ग्रेड, माप, एवढंच, कंपनीकडून खात्री करून. लोक कात्रण कापून डिकीत ठेवतील. ज्यांची गाडी गेल्या पावसात पाण्यात उभी होती त्यांनी मात्र चौकटीची वाट बघत बसू नये, या रविवारीच मागचा बोल्ट खोलून ऑइलचा रंग बघावा.

आपला,
नाना पेठेतला एक ऑइलवाला, पुणे