नोकरीच्या अर्जासाठी प्रत्येक तालुक्यात मदतीची खिडकी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रेल्वेचे तिकीट कारकून, ग्रामीण डाक सेवक, स्टेट बँकेचे ज्युनिअर असोसिएट, तलाठी, लिपिक-टंकलेखक अशा भरतीच्या जाहिराती निघाल्या की कोल्हापुरातल्या अभ्यासिका भरून जातात आणि नेट कॅफेत बसायला जागा मिळत नाही. या नोकऱ्यांत रोज लोकांशीच गाठ असते. मीही टपाल खात्यात काउंटरवर नोकरी करून निवृत्त झालो. आता गल्लीतली आणि पै-पाहुण्यांची मुले अर्ज घेऊन येतात, त्यांना जमेल तशी मदत करतो. पेपरफुटीबद्दल, रखडलेल्या निकालांबद्दल वर्तमानपत्रांत लिहून येते आणि ते यायलाच हवे. पण परीक्षेच्या दारापर्यंत न पोहोचता अर्जातच किती मुले अडकतात, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

नावापासूनच सुरुवात होते. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. आधार कार्डावर मात्र बहुधा नाव आधी आणि आडनाव शेवटी. कुठे वडिलांच्या नावापुढे 'राव' लागलेले, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. गावात राहताना याने काही बिघडत नाही. पण रेल्वेच्या अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि जन्मतारीख आधारशी तंतोतंत जुळावी लागते, आणि हे मुलाला कळते ते शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री. त्या वेळी आधार दुरुस्त करून कुठून येणार? लग्न झालेल्या मुलींचे हाल तर विचारू नका. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे, आणि मध्ये विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र काढलेले नसते. दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी एवढ्यासाठी मागे राहते, हे मला पाहवत नाही.

दुसरा घोळ प्रवर्गाचा. आपल्या जिल्ह्यात तो फार होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०२४ च्या कायद्याने राज्याच्या नोकऱ्यांत मराठा समाजाला एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातून १० टक्के आरक्षण आहे. रेल्वे, टपाल आणि बँकांच्या अर्जात हा प्रवर्गच नाही. तिथे हा मुलगा खुल्या गटातून अर्ज करतो, किंवा निकषात बसत असेल तर ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून, आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो. कुणबी दाखला असेल तर गणित पुन्हा बदलते. धनगर समाजाचा मुलगा राज्यात भटक्या जमाती 'क' मध्ये येतो, केंद्रात ओबीसीत. राज्याच्या नमुन्यातले नॉन क्रिमिलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, केंद्राच्या भरतीला चालत नाही, ते केंद्राच्या नमुन्यात पुन्हा काढावे लागते. मुले घरात असेल तो दाखला घेऊन जातात, कॅफेवाला यादीत दिसेल त्या नावावर क्लिक करतो, आणि चूक उघडी पडते ती थेट कागदपत्र पडताळणीच्या वेळी. परीक्षा पास होऊन, गुणवत्ता यादीत नाव लागून मग बाद झालेल्या मुलाच्या घरी काय अवस्था होते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच कळेल.

कॅफेवाल्यांना मी सरसकट दोष देत नाही. त्यातले कितीतरी जण रात्री उशिरापर्यंत बसून पोरांचे काम करतात. पण ते त्यांचे प्रशिक्षण नाही आणि जबाबदारीही नाही. मध्यंतरी नात्यातली एक मुलगी बँकेच्या अर्जाचे कागद दाखवायला आली. बँकेच्या अर्जात फोटो आणि सही यांच्याबरोबर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेले एक प्रतिज्ञापन अपलोड करावे लागते. ते इंग्रजीत हवे, उमेदवाराच्या स्वतःच्या अक्षरात हवे, आणि सगळे कॅपिटलमध्ये लिहिलेले चालत नाही. तिच्या मोबाईलवर स्कॅन उघडून पाहिला, तर मजकूर सुबक कॅपिटल अक्षरांत होता आणि अक्षर तिचे नव्हते. कॅफेतल्या पोराने वेळ वाचावा म्हणून स्वतःच लिहून टाकले होते. खाली सही तेवढी तिची. अर्ज अजून सबमिट झाला नव्हता म्हणून निभावले. तिला पांढरा कागद आणि काळे पेन दिले, तिने ओळ न ओळ स्वतः लिहिली आणि मग तो कागद चढवला. ईमेलचेही तेच. बऱ्याच ठिकाणी कॅफेवाला स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. मग हॉल तिकीट त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, आणि पोरगा मध्यवर्ती बस स्थानकावरून एसटी धरून कधीच गावी गेलेला.

टपाल खात्याबद्दल चार गोष्टी मी अधिकाराने सांगू शकतो. ग्रामीण डाक सेवक भरतीला परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते. म्हणून अर्जात गुण भरताना एक आकडाही चुकता कामा नये. शाखा डाकपालाला सुरुवातीला १२,००० रुपये आणि सहायक शाखा डाकपाल किंवा डाक सेवकाला १०,००० रुपये मूळ भत्ता असतो, त्यावर महागाई भत्ता. काम रोज साधारण चार-पाच तासांचे, आणि हे सेवक खात्याचे नियमित कर्मचारी गणले जात नाहीत. शाखा डाकपालाला त्याच गावात राहावे लागते आणि कार्यालयासाठी जागाही स्वतःच बघावी लागते. हे सगळे जाहिरातीत असते, पण ते वाचणार कोण? मुले 'पोस्टात लागतोय' एवढ्यावर अर्ज करतात, निवड होते, आणि राहायची, जागेची सोय होत नाही म्हणून सोडून देतात. तेवढे दिवस ते गाव डाकपालाविना राहते. आणि निवडीसाठी कुणी फोन करून पैसे मागितले, तर ती फसवणूक आहे हे पक्के समजावे.

आता शुल्काचे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज १० लाखांहून जास्त आले. खुल्या गटाला १,००० रुपये, राखीव गटाला ९०० रुपये. त्याच वर्षीच्या जिल्हा परिषद भरतीलाही तेवढेच. ते पैसे परत मिळत नाहीत. रेल्वेत पाहा: सर्वसाधारण उमेदवाराकडून ५०० रुपये घेतात आणि तो पहिल्या टप्प्याच्या परीक्षेला बसला की बँकेचे शुल्क वजा करून त्यातले ४०० परत करतात. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक आणि आर्थिकदृष्ट्या मागास उमेदवारांकडून घेतलेले २५० रुपये सगळेच परत, फक्त बँकेचे शुल्क कापून. केंद्राला हे जमते तर राज्याला का जमू नये? ज्याच्या घरात दोन भावंडे तयारी करतात, त्या शेतमजुराच्या घरातून एका हंगामात किती हजार जातात, याचा विचार मंत्रालयात बसलेल्यांनी करायला हवा.

माझी मागणी साधी आहे. आपल्या जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांत, तहसील कार्यालयाच्या आवारात, मोठ्या भरतीच्या काळापुरती एक मदतीची खिडकी असावी. मोफत. अर्ज मुलाने स्वतःच भरायचा, पण समोर जाणकार माणूस बसलेला असावा, जो नाव जुळते का, प्रवर्ग बरोबर निवडला का, दाखला कोणत्या नमुन्यातला आहे, ईमेल आणि मोबाईल नंबर मुलाचाच आहे का, एवढे पाहील. यासाठी नवे खाते काढायला नको. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहेच. आमच्या पिढीने त्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणून ओळखले आणि कार्ड काढून तिथूनच कॉलची वाट पाहिली. चंदगडच्या पोराला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते. गगनबावड्याला पावसाळ्यात नेट असले तर असते. त्यांनी शहरात येऊन मार्गदर्शन घ्यावे, असे म्हणून चालणार नाही, मदतच त्यांच्याकडे गेली पाहिजे.

याला दाखला आपल्याच मातीतला आहे. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो सगळ्यांना पाठ आहे. पण हुकूम कागदावर राहू नये, म्हणून खेड्यातली पोरे शहरात राहून शिकतील अशी वसतिगृहेही महाराजांनी उभी केली. पहिले मराठा बोर्डिंग १९०१ मध्ये, म्हणजे हुकुमाच्याही आधी. जागा ठेवायची आणि त्या जागेपर्यंत पोहोचायची वाटही करून द्यायची, ही या गावाची रीत आहे. आज जागा जाहीर होतात. वाट करून देण्याचे काम मात्र आपण स्कॅनर असलेल्या दुकानावर सोपवले आहे.

दाखल्यांबाबत महसूल प्रशासनाला एक विनंती. जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, अधिवास हे सगळे २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ठरलेल्या मुदतीत मिळायला हवेत, उशीर झाला तर अपील करता येते. हे दहावी-बारावीच्या वर्गात सांगितले, तर मुले जाहिरात निघायची वाट न बघता दाखले आधीच काढून ठेवतील. मुख्याध्यापकांनी शाळा सुटण्यापूर्वी एक तास यासाठी द्यावा आणि त्याच तासात गुणपत्रिका आणि आधारवरचे नाव जुळवून घ्यावे. पालकांनाही बोलवावे.

जिल्हाधिकारी महोदयांनी या पत्राची दखल घ्यावी. अशी खिडकी सुरू झाली तर मी आठवड्यातून दोन दिवस विनामोबदला बसायला तयार आहे. टपाल, बँक आणि महसूल खात्यांतून निवृत्त झालेले माझे काही स्नेहीही यायला तयार आहेत. करवीर तालुक्यापासून सुरुवात करावी, आम्ही सांगाल त्या दिवशी हजर राहू.

आपला नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
मंगळवार पेठ, कोल्हापूर